बुडीत खाते, दोन वर्षांचे : बडोद्यातल्या एका मराठी घरातली धंद्याची पदवी

आपल्या मंडळात बडोद्याच्या मराठी समाजावर आजवर जे निबंध वाचले गेले त्यांत सरदार-दरकदार येऊन गेले, गवई-कीर्तनकार आले, चित्रकार आले, आखाडेही आले. कारकून मात्र राहूनच गेला. वास्तविक दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी इथली मराठी घरे बघितली तर दर दोन घरांमागे एकात कुणीतरी संस्थानच्या दप्तरात लेखणी चालवणारा निघायचाच. या कारकुनांची नातवंडे 1960 नंतर कुठे गेली, हा माझा विषय. त्यातलाही एक छोटा तुकडाच मी घेतला आहे: व्यवस्थापनाची, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत 'धंद्याची' मोठी पदवी घ्यायची की नाही, आणि घ्यायची तर अहमदाबादला, मुंबईला की इथेच, हे आमच्यासारख्या घरांनी कसे ठरवले.

साधन म्हणून माझ्याकडे आजोबांच्या हातचा एक मोडी कागद आहे. तो 1974 सालचा. त्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहितेच, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

धंद्याचे शिक्षण ही गोष्ट बडोद्याला नवी नव्हती. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढले ते त्रिभुवनदास गज्जरांच्या हाताने. रंगकाम, रसायन, यंत्रकाम, चित्रकला हे विषय तिथे होते. दादासाहेब फाळके काही काळ इथेच शिकले, हे आपल्याला माहीत आहे. 1907 साली अलेंबिकचा कारखाना उभा राहिला. त्याच्या संस्थापकांत गज्जर आणि भाईलालभाई अमीन यांच्या बरोबरीने कोटीभास्कर हे मराठी नाव आहे, ते मात्र आपल्यातलेच बरेच जण विसरलेत. 20 जुलै 1908 ला बँक ऑफ बडोदा निघाली. तिच्या उभारणीत महाराजांचे बंधू संपतराव होते आणि राल्फ व्हाइटनॅक नावाचे अमेरिकन अर्थसल्लागारही होते. म्हणजे कारखाना होता, बँक होती, अमेरिकन सल्लागार होता, शिकवणारी संस्था होती. तरी मराठी घरांनी यातून उचलली ती नोकरीच. कलाभवनातून बाहेर पडलेला मराठी मुलगा ओव्हरसियर व्हायचा, बँकेत शिरलेला हेडक्लार्क. पेढी टाकायची ती शेठियांनी. याला आळस म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. ज्यांच्याकडे गादीवर बसवणारा काका नाही आणि उधारीवर माल देणारा सोयरा नाही, त्यांच्यापाशी शिक्षण हे एकच भांडवल होते, आणि ते भांडवल जिथे लगेच वटायचे तिथे त्यांनी वटवले.

जास्त शिकायला परदेशी पाठवण्याची पद्धतही बडोद्यात जुनी. शिष्यवृत्ती द्यायची, बदल्यात इतकी वर्षे संस्थानची चाकरी करीन असे लिहून घ्यायचे. यातले सर्वांत मोठे नाव अर्थात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. 1913 साली दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती, न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, विषय अर्थशास्त्र, आणि परत आल्यावर दहा वर्षे नोकरीचा करार. 1917 मध्ये ते करार पाळायला बडोद्याला आले. पुढचे आपल्या गावाला मान खाली घालायला लावणारे आहे. महाराजांची इच्छा, परदेशातली पदवी, दरबारातली जागा, सगळे असून त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले, आणि कमाठीबागेत झाडाखाली काही तास काढून ते मुंबईला परत गेले. 'कुठे शिकायचे' हा प्रश्न आपण विचारतो तेव्हा परत कुठे यायचे हाही त्यातच असतो. आमच्यासारख्या ब्राह्मण कारकुनाच्या घराला तो या रूपात कधीच पडला नाही. पुढे जी काही घालमेल सांगणार आहे ती या तुलनेत फार हलकी आहे, हे आधीच नोंदवते.

1 मे 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले आणि हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. आजोबा हिशेबखात्यातून पेन्शनीत आले. बाबा एका गिरणीच्या अकाउंट्समध्ये लागले. 1960 साली राज्ये वेगळी झाल्यावर घरात पहिल्यांदा 'इकडे राहायचे की तिकडे जायचे' ही चर्चा झाली म्हणतात. मी लहान होते, मला फक्त पुण्याहून येणारी काकांची पत्रे आठवतात. राहायचे ठरले. कारण भावनेचे नव्हते, घर स्वतःचे होते! पण एक बदल झाला. आता सरकारी कचेरीत गुजराती लिहिणारा आधी. मोडी सोडाच, बाळबोध मराठीचाही तिथे उपयोग उरला नाही. मग नजर वळली कारखान्यांकडे. जवाहरनगर-कोयलीकडे रिफायनरी, खताचा कारखाना, पुढे पेट्रोकेमिकल्स, शिवाय साराभाई, ज्योती, अलेंबिक हे जुने होतेच. साठच्या दशकात बडोदे भराभर उद्योगाचे गाव झाले. तिथे इंजिनिअर लागायचे, केमिस्ट लागायचे, आणि हळूहळू 'मॅनेजमेंट केलेला' हा नवा प्राणी लागायला लागला.

हा प्राणी तयार कुठे व्हायचा याची कथा बडोदेकरांनी ऐकण्यासारखी आहे. भारत सरकारने फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने लॉस एंजेलिसचे प्राध्यापक जॉर्ज रॉबिन्स यांना बोलावले. 1959 साली त्यांचा अहवाल आला. व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था काढावी आणि तिला विद्यापीठाच्या जुन्या चौकटीबाहेर मोकळीक असावी, असा त्याचा रोख होता. चर्चेत मुंबई आणि कलकत्ता होते. मुंबईचे काही जमले नाही. ती संधी विक्रम साराभाईंनी हेरली, कस्तुरभाई लालभाईंनी गिरणीवाल्यांचे बळ मागे उभे केले आणि नव्या गुजरात राज्याचे मुख्यमंत्री डॉ. जीवराज मेहतांनी सरकारची साथ दिली. हे जीवराज मेहता म्हणजे आपल्या बडोदे संस्थानचे शेवटचे दिवाण आणि हंसाबेनचे यजमान. डिसेंबर 1961 मध्ये अहमदाबादची आय.आय.एम. स्थापन झाली. हार्वर्डशी करार झाला, 1964 मध्ये दोन वर्षांचा मोठा अभ्यासक्रम सुरू झाला, 1965 मध्ये रवी मथाई संचालक झाले आणि वस्त्रापूरला लुई कान यांच्या आराखड्याने लाल विटांची इमारत उठू लागली. मुंबईने 1965 मध्ये विद्यापीठातच, स्टॅनफर्डच्या सहकार्याने, जमनालाल बजाज संस्था काढली. 'आय.आय.एम. मुंबई' हे नाव प्रत्यक्षात यायला मात्र 2023 उजाडले, तेही 1963 साली निघालेल्या पवईच्या नीटीला नवे नाव देऊन. इंदूरच्या आपल्या सभासदांना त्यांची आय.आय.एम. 1996 साली, म्हणजे मुंबईच्या पुष्कळ आधी मिळाली, हे ते मला दर बैठकीत ऐकवतात. ऐकवू देत.

तर असे की आमच्या घरापासून गाडीने दोन-अडीच तासांवर देशातली सर्वांत गाजलेली संस्था होती आणि रात्रीच्या गुजरात मेलने गेले की सकाळी मुंबईत दुसरी. मी 1974 साली बी.कॉम. झाले.

ते वर्ष कसे होते हे तरुण वाचकांना सांगायला हवे. अहमदाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेसच्या बिलावरून भडका उडाला आणि त्याचे नवनिर्माण आंदोलन झाले. फेब्रुवारीत चिमणभाई पटेलांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. कॉलेजे बंद, कर्फ्यू, परीक्षांचे काही खरे नाही. पोस्टात टाकलेला अर्ज पोचला की नाही हे कळायची सोय नाही. वरून मे महिन्यात रेल्वेचा संप. मुंबईच्या मुलाखतीला मला बाबांनी रात्रभराच्या एस.टी.ने नेले आणि उतरल्यावर मावशीकडे अंघोळ करून मी तशीच चर्चगेटला गेले.

पण त्याआधी घरातली बैठक. आजोबा, बाबा, आई, आत्या आणि मी. पर्याय तीन होते. एक, बँक ऑफ बडोदाची नोकरी. 1969 च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखा वाढत होत्या, मुलींनाही घेत होते, आणि आमच्या गल्लीत बँकेतल्या माणसाला जो मान होता तो प्रोफेसरलाही नव्हता. दोन, इथेच विद्यापीठात एम.कॉम. सायकलने जायचे, घरी जेवायचे. तीन, बाहेर जाऊन मॅनेजमेंट.

आत्याचा पहिला प्रश्न हॉस्टेलचा होता, तो अपेक्षितच होता. बाबांचा प्रश्न वेगळा होता आणि तोच मला इतिहासाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा वाटतो. अहमदाबादचे माहितीपत्रक त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाले, "अगं, हा तर डिप्लोमा आहे. पदवी कुठाय?" बरोबरच होते ते. ती संस्था विद्यापीठ नव्हती, त्यामुळे तिला पदवी देता येत नव्हती. दोन वर्षे घासून शेवटी मिळायची ती पदविका. हा घोळ 2017 चा कायदा होईपर्यंत चालला. आज हसू येईल, पण संस्थानी नोकरीत वाढलेल्या घराला कागदावर काय लिहिलेय याचे महत्त्व वेगळे असते. डिप्लोमा म्हणजे शिवणकामाचा, फार तर ओव्हरसियरचा. रॉबिन्सना जी मोकळीक संस्थेचे बळ वाटली तीच आमच्या माजघरात उणीव ठरली. मुंबईची बजाज विद्यापीठाचा भाग, तिची विद्यापीठाची मास्टर पदवी. बाबांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच निम्मा सुटला.

खाली राहणारे शेठ (घरमालक नव्हेत, शेजारी. घर आमचेच, हे पुन्हा सांगते) सगळे ऐकून म्हणाले, "धंधो शीखवा कॉलेज जवानुं?" त्यांचा मुलगा पंधराव्या वर्षापासून गादीवर बसत होता. त्यांच्या म्हणण्यात चूक नव्हती, पण आमच्याकडे गादी कुठे होती? मला आज वाटते, पहिल्या पिढीतल्या मराठी मुलांसाठी या संस्थांनी जे काम केले ते हेच. कारखान्यांच्या खऱ्याखुऱ्या हकिगती, ज्यांना तिथे 'केस' म्हणतात, पुढ्यात टाकायच्या आणि आता तू मालक आहेस, काय करशील ते सांग, असे विचारायचे. शेठच्या मुलाला जे जेवताना कानावर पडायचे ते आम्हाला वर्गात बसून मिळवावे लागले.

आता तो मोडी कागद. फुलस्केपचा अर्धा ताव, डाव्या बाजूला घडी, बोरूची सवय असलेल्या हाताने फाउंटन पेनने लिहिलेला. वर 'श्री', खाली मिती, मग दोन बाजू, जमा आणि खर्च. खर्चाच्या बाजूला फी, पुस्तके, जाण्यायेण्याचे भाडे, मावशीकडे राहिल्यास 'द्यावयाचे, न घेतल्यास लुगडे', आणि हॉस्टेलला राहिल्यास त्याची वेगळी ओळ. इथवर कुणीही लिहील. त्याखाली वेगळी रेघ मारून आजोबांनी 'बुडीत' असे खाते उघडले आहे. त्यात बँकेचा मिळू शकणारा दोन वर्षांचा पगार, महिन्याचे गुणिले चोवीस, दोन वर्षांची वाढ धरून. म्हणजे जो पैसा खिशातून जाणार नाही पण येणारही नाही, तोही त्यांनी खर्चात मांडला! पुढे चर्चगेटच्या वर्गात हीच कल्पना इंग्रजी नावाने फळ्यावर आली तेव्हा मला आजोबांचा चश्मा दिसला. संस्थानच्या हिशेबखात्यात हे कुणी शिकवले असेल असे नाही. दुष्काळात तगाई माफ करताना, सारा सोडताना 'न आलेले' लिहायची सवय त्यांना दप्तरातच लागली असावी, हा माझा अंदाज.

जमेच्या बाजूला त्यांनी काय लिहिले? फार थोडे. 'पगार अधिक, अंदाज नाही.' त्याच्याखाली 'बडोद्यात जागा?' असे प्रश्नचिन्हासकट. मोडीत प्रश्नचिन्ह मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही. आणि अगदी तळाशी एक ओळ आहे, 'लग्न' एवढाच शब्द. समोरचा आकडा कोरा. ती ओळ जमेची की खर्चाची हे रेघेवरून समजत नाही. आत्या म्हणायची खर्चाची, कारण जास्त शिकलेल्या मुलीला स्थळ मिळायला वेळ लागतो. आई काही म्हणाली नाही. तिने त्याच संध्याकाळी तिच्या बहिणीला गिरगावात पत्र लिहिले, आणि माझ्या मते निकाल त्या पत्राने लागला.

कारण अहमदाबादला मी मुलाखतीपर्यंत पोचले, पुढच्या यादीत नाव नव्हते. तिथे तेव्हा मुली मोजक्याच असायच्या. मुंबईला नाव लागले. पण नाव लागणे निराळे आणि जायला मिळणे निराळे. मावशीच्या दोन खोल्यांत सात माणसे होती. तिने उत्तर पाठवले, 'आठवे पान वाढायला जड नाही.' गिरगावातून चर्चगेट चालत जाता येते. बसचे भाडेही वाचले.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आज 'कोणती संस्था सरस' याच्या क्रमवाऱ्या लावतात तेव्हा मावशी कुणाच्या तक्त्यात नसते. मंडळातल्या त्या काळच्या पाच-सहा जणांशी मी बोलले. पुण्याला गेलेला आत्याकडे राहिला होता, इंदूरची एक सभासद मुंबईला मामांकडे, हैदराबादचे एक गृहस्थ कुठेच सोय नाही म्हणून गावातच उस्मानियाला गेले. बृहन्महाराष्ट्रातल्या मराठी माणसाची शिक्षणाची वाट नात्यांच्या नकाशावरून जायची. आमच्यापैकी ज्यांचे मुंबई-पुण्यात कुणी उरले नव्हते, ज्यांची घराणी दोनशे वर्षे इथेच होती, त्यांच्यापुढे गावातले विद्यापीठ हाच रस्ता होता. मराठीपण जुने, पण मावशी नाही.

माझ्या चुलतभावाने उलटे केले. त्याने एम.कॉम. इथे केले आणि बँकेत गेला. आजोबांच्या कागदाप्रमाणे त्याचे काहीच बुडाले नाही. मी 1976 साली मास्टर होऊन परत आले, तेव्हा तो माझ्यापेक्षा दोन वाढी पुढे होता. मला मात्र बडोद्याच्या एका औषध कंपनीत, नाव घेत नाही, मुलाखतीत पहिला प्रश्न आला तो टायपिंगचा वेग किती. दुसरा, लग्न झाल्यावर सोडणार का. आजोबांनी प्रश्नचिन्ह उगाच काढले नव्हते. त्या कंपनीत मी गेले नाही. सहा महिन्यांनी दुसरीकडे मार्केटिंगमध्ये जागा मिळाली आणि तिथे एकोणतीस वर्षे काढली. ऑफिसात मी 'दक्षिणी बेन' होते. गुजराती व्यापाऱ्यांशी गुजरातीत, मुंबईच्या एजंटांशी मराठीत आणि कागदावर इंग्रजीत, हा फायदा मला पदवीने दिला नाही. तो रावपुऱ्याने दिला. पण त्या खुर्चीपर्यंत पोचवले पदवीने, हेही तितकेच खरे. भावाशी यावर अजून वाद होतो. तो म्हणतो, तू दोन वर्षांत जे शिकलीस ते मी पगार घेऊन शिकलो. मी म्हणते, तू मॅनेजरसाहेबांच्या कॅबिनबाहेर बसून शिकलास. यापुढे वाद जात नाही, चहा येतो.

आता घराघरांतून विचारणा होते ती वेगळी. परदेशी जायचे की नाही, ऑनलाइन करावे का, नोकरी चार वर्षे करून मग करावे का. खर्चाचे आकडे असे की आजोबांचा अर्धा ताव पुरणार नाही, आणि बँक आता नोकरीऐवजी कर्ज देते. शेजारच्या घरातल्या एका मुलीला मी तो कागद वाचून दाखवला. तिला फीपेक्षा 'बुडीत' खाते महत्त्वाचे वाटले, कारण तिला चालू नोकरी सोडायची आहे. तिने स्वतःचा हिशेब लॅपटॉपवर मांडला तेव्हा 'लग्न' ही ओळ ठेवली नाही. 'बडोद्यात जागा?' ही ओळ मात्र ठेवली.

आजोबांच्या कागदाची प्रत मंडळाच्या संग्रहात दिली आहे. वाचन मी केले आहे, तरी तळाच्या मितीतला एक अंक नीट लागत नाही, मोडी जाणणाऱ्यांनी पाहावा. आणि कुणाच्या घरी शिष्यवृत्तीचे करारपत्र, मुलाखतीचे बोलावणे, मावशी-मामांशी झालेला पत्रव्यवहार असे काही पडून असेल तर रद्दीत घालण्याआधी कळवा. दरबारची कागदपत्रे सरकारने जपून ठेवली आहेत. कारकुनांच्या घरची आपल्यालाच शोधावी लागणार आहेत, आणि दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे.